रक्तातला पायलट आणि काकवीची विहीर

परवा शाळेच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. सुईच्या टोकावर मावेल एवढा रोबो रक्तात सोडायचा, तो पोहत पोहत जाऊन कर्करोगाची गाठ फोडून येणार. खाली नेहमीची शेपटी होतीच: 'आपल्याकडे अणिमा सिद्धी हजारो वर्षांपासून आहे.' (अणिमा म्हणजे अणूएवढं सूक्ष्म होण्याची सिद्धी.) मला मात्र 'इनरस्पेस' आठवला.

१९८७ सालचा हा हॉलिवूडचा धमाल विज्ञानपट. नौदलाचा पायलट टक आपल्या पाणबुडीसारख्या कुपीसकट सूक्ष्म होतो. खरं तर त्याला सशात टोचायचं असतं, पण तो जाऊन पडतो जॅक नावाच्या माणसाच्या अंगात. हा जॅक सुपरमार्केटमध्ये काउंटरवर बसणारा, आपल्याला कुठला तरी आजार झालाय या धास्तीत जगणारा. टक त्याच्या डोळ्याच्या नसेला जोडणी करून त्याच्याच नजरेने बाहेर बघतो, कानात बोलतो. जॅकने दारू प्यायली की हा आतून आपली बाटली भरून घेतो! दृश्यपरिणामांचं ऑस्कर मिळालेला हा सिनेमा मी तीनदा तरी पाहिलाय.

आता चुका काढायच्या तर किती काढाव्यात! अणू तेवढेच ठेवून माणूस आक्रसला, तर त्या धूलिकणाचं वजन सत्तर-ऐंशी किलोच राहणार. तीन मीटरची कुपी १० मायक्रॉनवर आणली (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, नॅनोमीटर त्याच्याही हजारावा), तर टकच्या डोळ्याची बाहुली १० नॅनोमीटरची होईल. दृश्य प्रकाशाची तरंगलांबीच ४०० ते ७०० नॅनोमीटर, म्हणजे एवढ्याशा भोकातून प्रकाश नीट आत शिरणारच नाही, पायलट ठार आंधळा. पण हे सोडा. माझा जीव अडकलाय तो पोहण्यात.

विहिरीत सूर मारला की हातपाय न हलवताही आपण थोडे पुढे सरकतो. हे जडत्व. त्याला अडवतो पाण्याचा चिकटपणा. या दोघांत वरचढ कोण, हे सांगणारा आकडा म्हणजे रेनॉल्ड्स अंक. मँचेस्टरच्या ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८३ साली काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची धार सोडून केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. लांबी गुणिले वेग गुणिले घनता, भागिले चिकटपणा. विहिरीत पोहणाऱ्या माणसासाठी हा अंक दहा लाखांच्या घरात जातो. दोन मायक्रॉन लांबीच्या, सेकंदाला तीसेक मायक्रॉन जाणाऱ्या ई. कोलाय जिवाणूसाठी येतो सुमारे ०.००००६.

म्हणजे त्याच्या जगात जडत्व जवळजवळ नाहीच. शेपूट थांबली की जिवाणू हायड्रोजनच्या अणूच्या व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या अंतरात थांबतो. टकने इंजिन बंद केलं, तर कुपीचंही तसंच होणार. रक्त वाहून नेईल तिकडे जायचं, स्वतःचं सरकणं शून्य. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल यांनी १९७७ च्या एका लेखात हे फार मजेत सांगितलंय. माणसाला काकवीने भरलेल्या तलावात सोडा आणि शरीराचा कुठलाही भाग मिनिटाला एक सेंटीमीटरहून वेगाने हलवायची बंदी घाला. दोनेक आठवड्यांत चार-दोन मीटर गेलात, तर तुम्ही जिवाणूंच्या पंगतीत बसायला लायक!

गंमत पुढेच आहे. द्रव कसा वाहतो ते सांगणाऱ्या नेव्हिए-स्टोक्स समीकरणातून जडत्वाची पदं गळाली की उरलेल्या समीकरणात काळ कुठे येतच नाही. त्यामुळे वल्हं जोरात मागे ओढा आणि सावकाश पुढे आणा, जेवढे पुढे गेलात तेवढेच मागे याल. शिंपला उघडझाप करून समुद्रात पोहू शकतो, इथे तो जागच्या जागी डुलत राहील. पटत नसेल तर घरी करून बघा. काचेच्या रुंद ग्लासात बारीक ग्लास ठेवा, मधल्या फटीत मेडिकलमधून आणलेलं ग्लिसरीन ओता. खायचा रंग ग्लिसरीनमध्येच कालवून त्याचा एक थेंब त्यात सोडा. आतला ग्लास हळूहळू तीन वेळा फिरवा, थेंब फरफटून दिसेनासा होतो. आता तितकेच फेरे उलटे फिरवा. थेंब परत गोळा होतो! कडा जरा पुसट, एवढंच. माझे पहिले दोन प्रयत्न हात थरथरल्यामुळे वाया गेले आणि ओटा चिकट झाला तो वेगळाच. जी. आय. टेलर यांनी १९६० च्या दशकात हे नीट यंत्र करून दाखवलं होतं.

मग जिवाणू पोहतो कसा? तो वल्हवतच नाही, स्क्रू फिरवतो. त्याच्या शेपट्या मळसूत्री असतात आणि प्रत्येकीच्या बुडाशी प्रोटॉनच्या प्रवाहावर चालणारी मोटर असते, सेकंदाला शंभरएक फेरे घेणारी. एकाच दिशेने फिरणाऱ्या स्क्रूला 'परत आणणं' हा भागच नसतो, म्हणून वरचा नियम त्याला लागू पडत नाही. असे स्क्रूवाले पायलट आपल्या आतड्यात आत्ताही आहेत. बहुतेक निरुपद्रवी, उलट आपल्याला थोडं के जीवनसत्त्व देणारे. टक आणि जॅकची दोस्ती याहून फार वेगळी नव्हती. सिद्धीवाल्यांनी सूक्ष्म झाल्यावर पोहायचं कसं, तेवढं तरी लिहून ठेवायला हवं होतं.

राहिला फॉरवर्डमधला रोबो. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली जिवाणूचीच नक्कल केली. चुंबकीय डोकं आणि मागे काही डझन मायक्रॉनची मळसूत्री शेपटी. बाहेरून चुंबकीय क्षेत्र फिरवलं की हा स्क्रू पाण्यात पुढे सरकतो. तो गाठ बिठ फोडत नव्हता, फक्त पोहत होता. त्यात इंजिन नाही, इंधन नाही, दारू भरून घेणारा पायलट तर नाहीच.