डच घरांतली चित्रं: प्रिंट घेण्यापूर्वी

डच चित्रकार व्हर्मीरचं दूध ओतणाऱ्या मोलकरणीचं चित्र पाहून गिऱ्हाईक विचारतं, "हॉलसाठी चार फुटी करून मिळेल का?" आम्ही शक्यतो नको म्हणतो. अ‍ॅमस्टरडॅमच्या रेइक्सम्युझियममधलं मूळ चित्रच 45.5 × 41 सेंटिमीटरचं आहे, म्हणजे साधारण 18 × 16 इंच.

या लहान मापाला कारण आहे. सतराव्या शतकातल्या डच प्रजासत्ताकात प्रॉटेस्टंट चर्च चित्रं जवळजवळ घेत नसे आणि मोठा राजदरबारही नव्हता. चित्रकाराचं गिऱ्हाईक म्हणजे व्यापारी, कारागीर, दुकानदार. लिलावातून, जत्रेतून, विक्रेत्याकडून घेतलेलं चित्र घरच्याच भिंतीवर लागायचं. माप घराचं, तसा विषयही घराचा. (या सुबत्तेमागे ज्या डच ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापार होता, तिची एक वखार आपल्या वेंगुर्ल्यात होती.)

आमचं सर्वांत लाडकं चित्र पीटर द होखचं, 1660च्या सुमाराचं. लेकराचं डोकं मांडीवर घेऊन आई उवा बघते आहे. मागे भिंतीत बसवलेला पलंग, उघड्या दारापलीकडे ऊन, आणि पाठमोरं बसलेलं कुत्रं. एवढंच! पण त्या काळी मुलाचे केस विंचरणं म्हणजे त्याला वळण लावणं, असाही अर्थ घेतला जाई. टापटीप घर ही सद्गुणाची खूण होती. यान स्टीननं नेमकं उलटं रंगवलं: पसारा, दारू, मोकाट पोरं. डच भाषेत अस्ताव्यस्त घराला आजही 'यान स्टीनचं घर' म्हणतात.

चित्रातलं सगळंच खरं मात्र मानू नका. काळ्यापांढऱ्या संगमरवरी फरश्या कितीतरी चित्रांत दिसतात, पण प्रत्यक्ष घरांत त्या क्वचितच असत. त्याउलट व्हर्मीरच्या मोलकरणीमागची भिंत बघा: खिळा, खिळ्यांची भोकं, खिडकीची फुटकी काच. चार फुटी प्रिंटमध्ये हे फिस्कटतं, म्हणून आमचा आग्रह.

ही चित्रं आम्ही मूळ मापात किंवा त्याहून लहान, मॅट कागदावर छापतो. फ्रेम साधी, काळ्या लाकडाची घ्या. तशा फ्रेमा तेव्हाही लावत. व्हर्मीरच्या खोलीत उजेड डावीकडच्या खिडकीतून येतो. तुमच्याकडेही डावीकडून उजेड येणारी भिंत असेल तर तिथेच लावा, फक्त थेट ऊन पडू देऊ नका.