सरकारी कर्ज खरंच फेडावं लागतं का?

देशाच्या कर्जाला लोकसंख्येने भागायचं आणि 'आज जन्मलेल्या बाळाच्या डोक्यावरही एवढं कर्ज' म्हणून फॉरवर्ड करायचं, हे दर बजेटला चालतं. वाचून लोक खरंच घाबरतात म्हणून लिहितोय. माणसाची कमाई एक दिवस थांबते, म्हणून बँक त्याच्याकडून मुद्दल वेळेत वसूल करते. सरकार रिटायर होत नाही, जुन्या रोख्यांची (म्हणजे सरकार कर्ज घेताना विकतं त्या व्याज देणाऱ्या कागदांची) मुदत संपली की नवे रोखे विकून ते पैसे देतं.

मग काळजी कशाची? तर दोन आकड्यांच्या शर्यतीची, आणि हे माझं सगळ्यात आवडतं गणित आहे. समजा जीडीपी, म्हणजे देशाचं वर्षाचं एकूण उत्पादन, 100, कर्जही 100, व्याज 4 टक्के आणि जीडीपी महागाई धरून 6 टक्क्यांनी वाढतोय. व्याजसुद्धा नवं कर्ज काढूनच दिलं, तरी वर्षअखेर कर्ज 104 आणि जीडीपी 106, म्हणजे कर्जाचं जीडीपीशी प्रमाण 100 टक्क्यांवरून 98 वर आलं, एक पैसा न फेडता! आता उलटं करा, व्याज 6 आणि वाढ 2, प्रमाण थेट 104. (बाकी खर्च करातून भागतोय असं धरलंय, तूट असेल तर ती वरून मिळवायची.) आणि प्रमाण वाढलं की कर्ज देणारे बिचकतात, जास्त व्याज मागतात, त्याने प्रमाण अजून वाढतं. ग्रीसचं हेच झालं, 2012 मध्ये त्यांच्या 10 वर्षांच्या रोख्यांचा व्याजदर 30 टक्क्यांच्या वर गेला, आणि युरो स्वतः छापायची सोय त्यांना नव्हती.

'कर्जाने जीडीपीचे 90 टक्के ओलांडले की देशाची वाढ संपली' यावर मात्र विश्वास ठेवू नका. राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या 2010 च्या पेपरमुळे हा आकडा गाजला, पण 2013 मध्ये कळलं की एक्सेलमध्ये सरासरी काढताना ओळ 49 ऐवजी 44 पर्यंतच घेतली होती, पाच देश गळले होते. ही आणि बाकीच्या गडबडी सुधारल्यावर 90 टक्क्यांवर कर्ज असलेल्या देशांची सरासरी वाढ उणे 0.1 टक्क्याची 2.2 टक्के झाली.

पण म्हणून कर्ज फुकट नाही. व्याज करातून जातं, कर गरीबही भरतो, आणि ते व्याज मिळतं रोखे घेण्याइतका पैसा शिल्लक असलेल्यांना. व्याजाचे पैसे आधी बाजूला निघतात, शाळा-दवाखाने उरलेल्यात. कधी मार रोखेवाल्यांनाही बसतो. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनचं कर्ज जीडीपीच्या जवळपास 250 टक्के होतं, ते तीसेक वर्षांत 50 च्या आसपास आलं, त्यात महागाईचा मोठा हात होता. 1975 मध्ये तिथे महागाई 24 टक्के, आणि ज्यांनी देशासाठी म्हणून वॉर लोनचे (युद्धखर्चासाठी काढलेल्या सरकारी कर्जाचे) रोखे घेऊन ठेवले होते त्यांच्या हातात व्याज पडत होतं साडेतीन टक्के.