खारा वारा आणि लांब बोर्ड

गोव्यात करंझाळ्याच्या किनाऱ्यावर जानेवारीतल्या एका सकाळी मी गुडघाभर पाण्यात विंडसर्फिंगचा, म्हणजे शीड लावून चालवायचा, बोर्ड धरून उभा होतो. बोर्ड 105 लिटरचा, जुना पण चांगल्या स्थितीतला. विकणाऱ्याने "सगळ्या वाऱ्यांत चालतो" असं सांगितलं होतं. शीड सहा चौरस मीटरचं. बाजूला रापण ओढून झाली होती आणि माणसं जाळं झटकत होती. त्यांतल्या एका वयस्क काकांनी माझ्याकडे बघून सांगितलं, "बाब, वारें बारांक येतलें."

बारा वाजून गेल्यावर आग्वादच्या बाजूने पाणी काळसर झालं, बारीक सुरकुत्या पळत आल्या आणि वारा सुरू झाला. मी बोर्डवर चढलो. बोर्ड घोट्यापर्यंत पाण्यात बसला, दोरीने शीड वर ओढताना दोनदा पडलो, आणि शेवटी निघालो तेव्हा पुढे कमी आणि आडवा जास्त सरकत राहिलो. तासाभराने मिरामारच्या दिशेला बऱ्याच अंतरावर वाळूला लागलो. त्याच वेळात एक शाळकरी मुलगी माझ्यापेक्षा लहान शीड घेऊन लांबलचक जुन्या बोर्डवरून आरामात खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आली होती. तिच्या आणि माझ्या साहित्यातला फरक मला समजायला पुढे बरेच महिने लागले.

गोव्यात नोव्हेंबर ते मे या काळात दिवसाचं वेळापत्रक ठरलेलं असतं. रात्री जमीन लवकर थंड होते आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. दुपारपर्यंत जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून खारा वारा येतो. गोव्याच्या किनाऱ्यावर तो बहुतेक वायव्येकडून येतो, दोन ते चारच्या सुमारास भरात असतो आणि सूर्यास्ताला विझतो. माझ्या अनुभवात हिवाळ्यातल्या बऱ्याच दुपारी तो 7 ते 12 नॉट असतो. एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर. मार्चनंतर तो थोडा जोर धरतो. पावसाळ्यात वारा भरपूर असतो, पण तो समुद्र विंडसर्फिंगचा नव्हे.

म्हणजे गोव्यात हा खेळ खेळणाऱ्याचं बहुतेक आयुष्य मंद वाऱ्यात जातं. परदेशी व्हिडिओंमध्ये दिसणारे छोटे, टोकदार बोर्ड 20 नॉटच्या वाऱ्यासाठी बनलेले असतात. ते बघून इथे खरेदी करणं म्हणजे घाटातल्या जीपचे टायर होडीला लावण्यासारखं आहे.

मंद वारा म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी पहिलं उत्तर येतं ते मोठ्या शिडाचं. उत्तर चुकीचं नाही, पण ते लवकर संपतं. शिडावर वाऱ्याचं बळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. वेग निम्मा झाला की बळ चौथा हिस्सा उरतं. 16 नॉटच्या वाऱ्यात पाच चौरस मीटरचं शीड जेवढं ओढतं, तेवढंच 8 नॉटमध्ये ओढायला वीस चौरस मीटर कापड लागेल. असं शीड कुणी हातात धरू शकत नाही. मोठ्या शिडांसाठी प्रसिद्ध असलेल्या फॉर्म्युला वर्गाच्या शर्यतींतही ती साडेबारा चौरस मीटरवर थांबतात.

त्यात आपल्या हवेची भर पडते. दमट हवा अंगाला जड वाटते, प्रत्यक्षात ती कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. पाण्याच्या वाफेचा रेणू 18 एककांचा, तर कोरड्या हवेची सरासरी 29. शिवाय उष्ण हवा फुगलेली असते. गोव्यातल्या 30 अंशांच्या दमट दुपारी एक घनमीटर हवा साधारण 1.15 किलो भरते. युरोपातल्या 5 अंशांच्या हिवाळ्यात ती 1.27 किलो असते. वेग तोच असला तरी आपल्या वाऱ्याचा धक्का नऊ-दहा टक्क्यांनी कमी पडतो. थंड देशांत शिकून आलेले लोक इथला वारा पोकळ आहे म्हणतात, ते खरंच आहे.

मग उरलेली तूट भरून काढायची कुठून? पाण्याकडून. वाऱ्याकडून जास्त मिळत नसेल तर पाण्याला कमी द्यायचं, आणि हे काम बोर्डाचं असतं. म्हणून माझं ठाम मत आहे की गोव्यात आधी बोर्ड निवडावा, शीड नंतर.

सुरुवात तरंगण्यापासून करू. बोर्डवर लिहिलेला लिटरचा आकडा म्हणजे त्याचं एकूण घनफळ. समुद्राच्या पाण्याचा एक लिटर 1.025 किलोचा असतो. माझं वजन 72 किलो, शीड, डोलकाठी आणि बूम (शीड धरायचा आडवा दांडा) मिळून 9 किलो, बोर्ड 8 किलो. एवढं 89 किलो पेलायला जवळजवळ 87 लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. 105 लिटरच्या बोर्डमध्ये त्या दिवशी माझ्या हाती जेमतेम 18 लिटर शिल्लक होते. एक पाय मागे सरकला की शेपूट बुडायचं. जोराच्या वाऱ्यात बोर्ड वेगाने पळतो, पाण्याचा दाब त्याला खालून उचलतो आणि हा तुटवडा जाणवत नाही. मंद वाऱ्यात ती मदत नसते. नवशिक्याने इथे आपल्या वजनाच्या आकड्यात किमान 100 मिळवावेत आणि तेवढ्या लिटरचा बोर्ड बघावा. मुलांच्या शर्यतीत वापरला जाणारा टेक्नो 293 हा बोर्ड 205 लिटरचा आहे आणि चांगल्या वजनाच्या माणसालाही तो सहज पेलतो.

रुंदीचं गणित आपल्या मच्छिमारांना न शिकवता येतं. अरुंद होडीला बाजूला लाकडाची उलांडी बांधली की ती डुलत नाही, कारण तरंगणारा भाग मधल्या रेषेपासून लांब गेला. तरंगत्या वस्तूचा कलण्याला होणारा विरोध तिच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. 65 सेंटिमीटर रुंदीच्या बोर्डऐवजी 85 सेंटिमीटरचा घेतला तर रुंदी जेमतेम तीस टक्के वाढते, स्थैर्य मात्र सव्वादोन पट होतं. मंद वाऱ्यात शीड आधार देत नाही, तोल सगळा पायाखालीच सांभाळायचा असतो. म्हणून ही सव्वादोन पट फार कामाची आहे.

आणि लांबी. त्या मुलीच्या बोर्डचं गुपित इथे होतं. पाण्यातून हळू जाणारी कोणतीही होडी स्वतःची लाट तयार करते. वेग वाढतो तशी ही लाट लांबत जाते, आणि एका टप्प्याला तिची लांबी बोर्डएवढी होते. पुढचं टोक एका शिखरावर, शेपूट दुसऱ्या शिखरावर आणि आपण मधल्या खळग्यात. त्यापुढे वेग वाढवायचा म्हणजे स्वतःच्याच लाटेवर चढायचं. हा टप्पा 2.4 मीटरच्या बोर्डला ताशी सुमारे 7 किलोमीटरवर गाठतो, 12 फुटी म्हणजे 3.66 मीटरच्या बोर्डला साडेआठच्या पुढे. बोर्ड सपाट आणि हलका असल्याने ही काही दगडी भिंत नव्हे, पण मंद वाऱ्यात तिच्यावर चढायला लागणारं बळ शिडात नसतं. 1968 मध्ये कॅलिफोर्नियात जिम ड्रेक आणि हॉयल श्वाइट्झर यांनी ज्या विंडसर्फरच्या पेटंटसाठी अर्ज केला, तो बोर्ड 12 फुटांचाच होता. ड्रेक विमान अभियंता होते. नंतरच्या दशकांत बोर्ड आखूड होत गेले, कारण शर्यती आणि उड्या जोराच्या वाऱ्याच्या ठिकाणी गेल्या. आपल्या खाडीला मात्र ती पहिली लांबीच मानवते.

लांब बोर्डला पोटाखाली एक उभी, मिटवता येणारी पट्टी असते, तिला डॅगरबोर्ड म्हणतात. शीड फक्त पुढे ओढत नाही, आडवंही ढकलतं. हा आडवा धक्का अडवायला पाण्याखाली काहीतरी हवं. शेपटाखालचं फिन, म्हणजे छोटं उभं पातं, ते काम करतं, पण त्याचंही बळ वेगाच्या वर्गावर अवलंबून. वेग कमी, तर फिनची पकड कमी, आणि बोर्ड खेकड्यासारखा आडवा चालतो. डॅगरबोर्ड क्षेत्रफळाने मोठा असल्यामुळे कमी वेगातही पकड देतो. करंझाळ्याला खारा वारा समुद्राकडून येतो, म्हणजे निघताना पहिल्या मीटरपासून वाऱ्याच्या विरुद्ध, तिरकं वर चढायचं असतं. डॅगरबोर्ड नसेल तर तुम्ही किनाऱ्यालाच चिकटून राहता, माझ्यासारखे. एक काळजी घ्यावी: ओहोटीला मांडवीच्या तोंडाशी वाळूचे दांडे वर येतात. तिथे पट्टी आधीच मिटवावी, नाहीतर ती वाळूत रुतते आणि माणूस बोर्डच्या पुढे जाऊन पडतो.

आता शीड. वजनाला वाऱ्याच्या नॉटनी भागून साधारण 1.4 ने गुणायचं, असा एक ठोकताळा आहे. माझ्यासाठी 12 नॉटमध्ये तो 8.4 चौरस मीटर सांगतो. पण हा आकडा प्लेनिंगसाठी, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरत पळण्यासाठी आहे. लांब बोर्डवर साधं फिरायचं असेल तर साडेपाच ते साडेसहा पुरतं, आणि शिकणाऱ्याने तर पाचच घ्यावं. मोठं शीड पाण्यात पडलं की त्यावर पाणी साठतं, आणि ते दहा वेळा वर ओढलं की दुपारचा वारा भरात यायच्या आत कंबर संपते.

क्षेत्रफळ सारखं असेल तर मी उंच शीड निवडतो. पाण्याच्या घर्षणामुळे खालचा वारा मंदावतो. डोक्याच्या वर, चारेक मीटरवर तो कमरेपेक्षा साधारण पाचव्या-सहाव्या हिश्शाने जोरात असतो.

आणि पोट. शीड वाकवून त्याला विमानाच्या पंखासारखं पोट दिलं की ओढ वाढते. बूमच्या टोकाची दोरी दोन बोटं सैल सोडली तरी फरक हाताला जाणवतो. डोलकाठीच्या बुडाची दोरीही जोराच्या वाऱ्याइतकी ताणू नये. ती फार ताणली की शिडाची मागची कड उघडते आणि वारा सांडून जातो. पण अगदी 4-5 नॉटवर हे उलटतं. इतका दुबळा वारा खोल वळणाला चिकटून राहत नाही, मध्येच सुटतो आणि शीड नुसतं लोंबतं. तेव्हा पोट थोडं सपाट करावं. हे वाचून पटत नाही, एकदा दोरी हातात धरून करून बघावं लागतं.

जुनं शीड घेणार असाल तर त्याचा पारदर्शक पडदा उन्हाकडे धरून बघा. पिवळट झाला असेल, दाबल्यावर कुरकुरत असेल, तर गोव्याच्या उन्हात तो एक हंगामही काढणार नाही.

अलीकडे फॉइलबद्दल सगळे विचारतात. बोर्डखाली जवळपास मीटरभर दांडा आणि त्याला पाण्यातले पंख. पाणी हवेपेक्षा आठ-नऊशे पट घन, त्यामुळे छोटासा पंखही माणसाला बोर्डसकट उचलतो, आणि बोर्ड हवेत गेला की त्याच्या लाटेचा अडसर राहत नाही. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकपासून विंडसर्फिंगची शर्यत फॉइलवरच होते. जाणकार माणूस 8 नॉटच्या आसपास उडू लागतो. मंद वाऱ्यावरचं हे सर्वांत सुंदर उत्तर आहे, यात शंका नाही. फक्त त्याला खोल आणि मोकळं पाणी लागतं. रापणीची दोरी पाण्याखालून किनाऱ्याकडे जात असते, तिथे तो दांडा घेऊन जाणं जाळ्यालाही आणि आपल्यालाही धोक्याचं. रापण लागलेली दिसली तर लांबून वळसा घालावा.

साहित्य कितीही योग्य असलं तरी दोन गोष्टी ते बदलू शकत नाही. पहिली, सकाळचा मतलई वारा. तो किनाऱ्याजवळ गुळगुळीत पाणी देतो, मोह पाडतो, आणि आपल्याला बाहेर ढकलतो. मग दहा-अकराला तो मरतो आणि खारा वारा यायला अवकाश असतो. त्या मधल्या वेळात शीड म्हणजे नुसतं ओझं. दुसरी, ओहोटी. मंद वाऱ्यात आपला वेग तीन-चार नॉट, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मांडवी-जुवारीच्या तोंडाशी बाहेर जाणारा प्रवाह त्यातला मोठा वाटा खाऊन टाकतो. मी भरतीचं वेळापत्रक बघून निघतो, पहिला तास प्रवाहाविरुद्ध जातो, म्हणजे परतताना तो सोबत असतो.

तो 105 लिटरचा बोर्ड अजून माझ्याकडे आहे. एप्रिल-मेमध्ये, खाडीभर पांढऱ्या लाटा फुटू लागतात त्या मोजक्या दुपारी, मी तो बाहेर काढतो. एरवी किनाऱ्यावर बारा फुटी बोर्ड, साडेसहाचं शीड, आणि बारा वाजायची वाट.