अल्पाघात लाकूडतोड

उष्णकटिबंधीय वर्षावनातून निवडक मोठी झाडे काढताना उरलेल्या वनाची हानी कमीत कमी व्हावी, अशा बेताने आखलेल्या तोडपद्धतीस अल्पाघात लाकूडतोड म्हणतात. वर्षावनात झाडांच्या जाती असंख्य असल्या तरी बाजारात भाव मिळणाऱ्या मोजक्याच असतात, म्हणून तेथे निवडक तोड पूर्वीपासून चालत आली आहे. परंतु रूढ पद्धतीत तोडणारे पुढे निघून जातात आणि बुलडोझर पाडलेले ओंडके शोधत मागाहून रान तुडवतो. अल्पाघात पद्धतीत विक्रीयोग्य झाडे आधी मोजून नकाशावर घेतात, झाडांना एकमेकांशी जखडणाऱ्या वेली कापतात, ओंडके ओढण्याच्या वाटा आखतात आणि झाड कोणत्या दिशेला पाडायचे ते ठरवूनच करवत चालवतात.

हे नियोजन महाग पडते, असा ठेकेदारांचा नेहमीचा आक्षेप आहे. ब्राझीलच्या पारा राज्यातील पारागोमिनास भागात झालेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात मात्र दर घनमीटरमागील खर्च रूढ तोडीपेक्षा सुमारे 12 टक्क्यांनी कमी आढळला. वाया जाणारे लाकूड 24 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर आले, कारण बुंधे नीट कापले गेले, ओंडके रानात हरवले नाहीत आणि यंत्रांचे तासही वाचले. हा निष्कर्ष सपाट भूमीवरचा आहे, हे विसरून चालत नाही. बोर्निओ बेटावरील मलेशियाच्या सबाह राज्यात तीव्र उतार आणि ओढ्यांचे काठ तोडीतून वगळावे लागल्याने हाती येणारे लाकूडच घटले आणि परवानाधारकाचा नफा कमी झाला. म्हणूनच तेथे 1992 मध्ये सुरू झालेल्या अल्पाघात तोडीच्या प्रकल्पात, हानी टळल्याने हवेत न जाता झाडांतच राहिलेल्या कार्बनच्या मोबदल्यात एका अमेरिकी वीज कंपनीने पैसे पुरवले.

तथापि एका तोडीचा ताळेबंद मांडून टिकाऊपणा ठरत नाही. खरी कसोटी दुसऱ्या तोडीची असते. यंत्राने ओंडके ओढले जातात अशा वनांसाठी ब्राझीलच्या नियमांत 35 वर्षांच्या चक्रात, म्हणजे एकाच जागी दोन तोडींमध्ये तेवढे अंतर ठेवून, हेक्टरी कमाल 30 घनमीटर तोडीची मुभा आहे; म्हणजे वनाची विक्रीयोग्य वाढ वर्षाला सुमारे 0.86 घनमीटर धरली आहे. पहिल्या तोडीत शतकानुशतके साठलेले लाकूड मिळते, आणि तेवढे पुढल्या चक्रात भरून येत नाही. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यानुसार पहिल्या तोडीनंतर उत्पादन सरासरी 46 टक्क्यांनी घटते व पुढे त्याच पातळीवर टिकते. महॉगनीसारख्या मंदगतीने पुनरुत्पादन होणाऱ्या जातींची स्थिती याहून बिकट असते. शिवाय उभ्या लाकडाची वाढ बँकेच्या व्याजापेक्षा संथ असली, तर सगळे आजच तोडून पैसा अन्यत्र गुंतवणे परवानाधारकाला फायद्याचे ठरते. त्यात परवान्याची मुदत तोडचक्राहून कमी असेल, तर दुसऱ्या पिकाची वाट पाहण्याचे त्याला कारणच उरत नाही. त्यामुळे तंत्रापेक्षा मालकीचा आणि मुदतीचा प्रश्न अधिक निर्णायक म्हणावा लागतो.

मलेशियात 1948 पासून राबवलेली सुमारे 70 वर्षांच्या चक्राची पद्धत चक्र पुरे होण्यापूर्वीच मागे पडली, कारण सखल वनांच्या जागी रबर आणि तेलताडाचे मळे उभे राहिले. सबाहमधील देरामाकोट हे सुमारे 55,000 हेक्टरांचे राखीव वन याला अपवाद आहे. 1997 मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय वन प्रमाणपत्र मिळाले आणि तेथील ओंडके लिलावात विकले जातात. व्यवस्थापन स्वतः राज्याच्या वनखात्याकडे असल्याने, खाजगी परवानाधारकाला न परवडणारी प्रतीक्षा तेथे शक्य होते.