पाचूच्या पोटातलं मीठ

कोलंबियातल्या मुझोचा पाचू सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की आत दातेरी कडांच्या बारीक पोकळ्या दिसतात. अशा एखाद्या पोकळीत खारं पाणी असतं, त्यात वायूचा बुडबुडा आणि मिठाचा चौकोनी स्फटिक. पाचू घडत होता तेव्हा त्याच्याभोवती असलेलंच हे पाणी, कोट्यवधी वर्षं आत कोंडलेलं! रत्नपारखी दगडाचं गाव ओळखताना आधी या पोकळ्या शोधतात. मात्र अफगाणिस्तानातल्या पंजशीरच्या पाचूतही त्या आढळतात, म्हणून तेवढ्यावरच निकाल देत नाहीत.

पाचू दुर्मीळ का, तर त्याला लागणाऱ्या दोन गोष्टी एकमेकींच्या वाटेला सहसा जात नाहीत. बेरिलियम ग्रॅनाइटसारख्या खडकांच्या सोबतीने राहतं. हिरवा रंग देणारं क्रोमियम मुख्यतः पृथ्वीच्या खोल पोटातून आलेल्या काळसर खडकांत. झांबियातल्या काफूबूत ग्रॅनाइटी द्रव क्रोमियमच्या खडकात घुसले आणि दोघांची गाठ पडली. कोलंबियात शिलारसाची गरजच पडली नाही. तिथे गरम खाऱ्या पाण्याने शेल या काळ्या गाळखडकातूनच लागेल ते विरघळवून घेतलं.

माणकाची अडचण उलटी आहे. त्याला लागणारं ॲल्युमिनियम हवं तेवढं मिळतं, पण जवळ सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) असली तर ती ते पळवते आणि दुसरीच खनिजं बनतात. म्यानमारच्या मोगोकमध्ये भारत आणि आशिया भिडल्यावर चुनखडीचा संगमरवर झाला, तिथे माणकाला जागा मिळाली. त्या संगमरवरात लोहही अगदी कमी. लोह माणकाची लाल चमक विझवतं. म्हणूनच मोगोकचं माणिक अतिनील प्रकाशात निखाऱ्यासारखं पेटतं. माझ्या मते रत्नांच्या दुनियेत याहून देखणं दृश्य नाही.

हिऱ्याचा जन्म साधारण दीडशे किलोमीटर किंवा त्याहून खोल. किंबरलाइट हा ज्वालामुखी खडक त्याला वर आणतो, तोही बहुधा खंडांच्या अतिप्राचीन भागांतच.

नीलमणी श्रीलंकेतही मिळतो आणि 1998 पासून मादागास्करच्या इलाकाकातही. हा योगायोग नव्हे. सुमारे 55 कोटी वर्षांपूर्वी गोंडवन हे प्राचीन महाखंड जुळताना हे दोन्ही भूभाग शेजारी होते आणि एकाच उष्णतेत भाजले गेले. पुढे डोंगर झिजले, दगड नद्यांच्या गाळात उतरले. श्रीलंकेतल्या रत्नपुऱ्यात खाणकामगार या रत्नगर्भ वाळूखड्यांना ‘इल्लम’ म्हणतात. वेताच्या टोपलीत ती भरून पाण्यात गोल फिरवतात. माती वाहून जाते, हलकी गारगोटी वर राहते आणि तिच्या जवळजवळ दीडपट जड असलेला नीलमणी तळाशी बसतो.