गिअरबॉक्सचं ऑइल सील हे बूच नव्हे, पंप आहे

जुन्या ऑटोमॅटिक गाडीखाली तांबडे डाग दिसायला लागले की सल्ले हमखास दोन मिळतात. चेंबरचे, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलाच्या भांड्याचे, बोल्ट आवळून टाका, नाहीतर गळती बंद करणारी बाटली मिळते ती गिअर ऑइलमध्ये ओता. दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच: सील म्हणजे बूच. सैल झालं तर आवळायचं, आक्रसलं तर फुगवायचं. फिरणाऱ्या शाफ्टवरच्या सीलला ही समजूत अजिबात लागू पडत नाही. तिथे प्रत्यक्षात जे घडतं ते इतकं देखणं आहे की गाड्यांत रस नसलेल्यांनीही ते एकदा समजून घ्यावं.

गिअरबॉक्सच्या पुढच्या तोंडाशी टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिनाची ताकद तेलाच्या प्रवाहातून पुढे पोचवणं हे त्याचं काम. त्याची पोलादी मान गिअरबॉक्सच्या पंपात शिरते आणि त्या मानेभोवती रबरी ऑइल सील बसवलेलं असतं. मानेचा व्यास ५० मिलिमीटर धरा. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर सीलच्या कडेखालून पोलाद सेकंदाला जवळपास ८ मीटर, म्हणजे ताशी २८ किलोमीटर वेगाने घासत जातं. वर तेल तापलेलं. सीलच्या आतली गोल स्प्रिंग रबराची कड मानेवर दाबून धरते. रबर आणि पोलाद खरोखरच कोरडे एकमेकांना टेकत असते, तर ती कड बघता बघता करपली असती. तरी चांगलं सील लाखभर किलोमीटर सहज टिकतं.

१९५७ साली ब्रिटिश संशोधक ई. टी. जॅगर यांनी दाखवून दिलं की, शाफ्ट फिरत असताना रबराची कड त्याला टेकतच नाही. मध्ये तेलाचा थर असतो, साधारण मायक्रॉनभर जाडीचा. आपला केस त्याच्या पन्नास-साठ पट जाड भरेल. या तेलावर रबर तरंगतं, म्हणून ते जळत नाही. पण मग प्रश्न आणखी अवघड होतो. फट आहे, फटीत तेल आहे, तर ते बाहेर का येत नाही?

उत्तर कडेच्या आकारात आहे. सीलची कड दोन्ही बाजूंनी सारखी नसते. तेलाच्या बाजूचा उतार चढा असतो, साधारण ४५ अंशांचा. हवेच्या बाजूचा सौम्य, २५ अंशांच्या आसपास. स्प्रिंगही कडेच्या बरोबर वर नसते, मुद्दाम जराशी हवेच्या बाजूला सरकवलेली असते. त्यामुळे रबर आणि मान यांच्यातल्या ०.१ ते ०.२ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यात दाब सगळीकडे सारखा नसतो. तो तेलाच्या बाजूला झपकन चढतो आणि हवेच्या बाजूला हळूहळू उतरतो. दाबाचं शिखर तेलाकडे झुकलेलं राहतं.

आता मान फिरवा. ती रबराचा पृष्ठभाग फिरण्याच्या दिशेने ओढते. जिथे दाब जास्त तिथे ओढ जास्त, म्हणून शिखराखालचं रबर सर्वांत जास्त सरकतं आणि दोन्ही काठांकडचं कमी. थोड्या वापरानंतर रबरावर सूक्ष्म उंचवटे तयार झालेले असतात. ते या असमान ओढीने वाकून व्ही आकाराचे होतात. व्हीचं टोक फिरण्याच्या दिशेला, बरोबर दाबाच्या शिखराखाली. शिखर तेलाकडे झुकलेलं असल्यामुळे व्हीची तेलाकडची भुजा आखूड आणि हवेकडची लांब. मानेबरोबर ओढलं जाणारं तेल या तिरक्या भुजांवर आपटून टोकाकडे वळतं. आखूड भुजा थोडं तेल बाहेरच्या दिशेने ढकलते, लांब भुजा त्याहून जास्त तेल आतल्या दिशेने ढकलते. वजाबाकी उरते ती आतल्या बाजूने. शाफ्ट उलटा फिरला तर व्हीसुद्धा उलटी वाकते आणि पंप तसाच आत चालू राहतो.

याचा पडताळा प्रयोगशाळेत घेता येतो. फिरत्या शाफ्टवर सीलच्या हवेकडच्या बाजूला तेलाचे थेंब सोडले, तर सील ते आत ओढून घेतं. तेच सील उलटं बसवलं तर टाकीतलं तेल इमानेइतबारे बाहेर काढत राहतं. रबर तेच, स्प्रिंग तीच.

हे लक्षात आलं की दुरुस्तीकडे बघण्याची नजर बदलते. नुसतं नवं सील ठोकून भागत नाही, हा पंप चालेल अशी परिस्थिती त्याला द्यावी लागते. गिअरबॉक्स उतरवल्यावर मानेवरून नख आडवं फिरवून बघावं. जुन्या सीलने पाडलेल्या खाचेत नख अडकलं, तर नवं सीलही तिथे नीट बसणार नाही. ती खाच घालवायला मेकॅनिक पॉलिश पेपर घेतो आणि हात मागे-पुढे करत मान घासतो. इथे मोठा घोटाळा होतो. तशा घासण्याने मळसूत्री ओरखडे पडतात, आणि मान फिरायला लागली की तेच ओरखडे तेलाला बाहेरची वाट दाखवू शकतात. म्हणून कारखान्यात सीलखालची जागा ग्राइंड करताना दगड आडवा सरकवत नाहीत.

पंपाचा बुश, म्हणजे मानेला आधार देणारी धातूची कडी, झिजलेला असला तर मान डोलते. कडक झालेल्या रबराला त्या डोलण्याबरोबर हलता येत नाही आणि मायक्रॉनचा थर क्षणभर का होईना मोठा होतो. बुश न बदलता तीन-तीनदा सील बदलणारे लोक या एका कारणाने पैसे घालवतात. सीलमागून चेंबरमध्ये तेल परतवणारं छोटं छिद्रही तपासावं. ते बुजलं तर सीलमागे दाब साठतो, आणि असा दाब झेलायला हे सील बनवलेलंच नसतं.

रबर कडक होतं ते उष्णता आणि ऑक्सिजनमुळे. रेणूंच्या साखळ्या एकमेकींत जास्त जास्त गुंततात, मऊपणा देणारी द्रव्यं निघून जातात. बाटलीतलं रसायन अशा रबरात शिरून त्याला थोडं फुगवतं, मऊ करतं. त्यामुळे नुकती सुरू झालेली झिरपण काही काळ थांबू शकते, हे मान्य. पण ते ना मानेवरची खाच भरतं, ना बुश. ‘एका बाटलीत गळती कायमची बंद’ ही जाहिरात आहे, रसायनशास्त्र नव्हे. मुळात चांगल्या गिअर ऑइलमध्ये सील फुगवणारं द्रव्य मोजून घातलेलं असतंच.

याच्या जोडीला एक अंधश्रद्धाही आहे: जुन्या ऑटोमॅटिकचं तेल बदललं की गिअरबॉक्स मरतो. अनेकदा तेल बदललं जातं तेच गिअर घसरायला लागल्यावर, क्लच संपत आल्यावर. मग गिअरबॉक्स बसला की खापर नव्या तेलावर. मांजर आडवं गेलं म्हणून काम बिघडलं, यातलाच हा प्रकार.

गळती कुठून होते याचा शोध घेताना तेल सगळीकडे उडालेलं असतं. चालत्या गाडीखालचा वारा ते मागे पसरवतो. म्हणून आधी खालची बाजू स्वच्छ धुवून, थोडी गाडी चालवून, सर्वांत पुढची आणि सर्वांत वरची ओली जागा शोधावी. तांबडं तेल म्हणजे गिअरबॉक्सच असंही नाही. कित्येक गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगमध्येही हेच तेल असतं. चेंबरच्या पॅकिंगमधून गळत असेल तर जोर लावून आवळू नका. पत्र्याची कड बोल्टांच्या भोकांशी वाकते आणि दोन बोल्टांमध्ये फट वाढते. चेंबर काढून, कड लाकडावर ठेवून सपाट करावी आणि नवं पॅकिंग टॉर्क पान्याने सांगितल्याइतकंच आवळावं. गाडी उभी असतानाच गळत असेल, तर कन्व्हर्टरमधलं तेल चेंबरमध्ये उतरून पातळी वर चढते आणि वरच्या सीलपर्यंत पोचते, हे लक्षात ठेवावं.

न फिरणाऱ्या सीलचा एक नमुना सांगण्यासारखा आहे. १९९६ पासून मर्सिडीजने वापरलेला ७२२.६ हा पाच गिअरचा बॉक्स पुण्यात जुळणी झालेल्या ई-क्लास आणि सी-क्लास गाड्यांतही आला. त्याच्या बाजूला वायरींचा १३ पिनांचा कनेक्टर आहे. त्याच्या ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कड्या, कडक झाल्या की तेल वायरीत शिरतं आणि तांब्याच्या बारीक तारांमधल्या फटींतून केशाकर्षणाने वर चढतं. दहा मायक्रॉन त्रिज्येच्या फटीत असं तेल अर्ध्या मीटरहून जास्त चढू शकतं. शेवटी ते गिअरबॉक्स चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटच्या पिनांपर्यंत जातं, चुकीचे सिग्नल येतात आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्येच अडकते. गिअरबॉक्स खोलण्यापूर्वी युनिटचा प्लग काढून आत ओल आहे का, एवढं बघितलं तरी मोठा खर्च वाचू शकतो. कनेक्टरचा तो प्लॅस्टिकचा भाग नव्या ओ-रिंगसह स्वस्तात मिळतो आणि एका बोल्टवर निघतो.

दुरुस्ती झाल्यावर तेलाची पातळी कंपनीने सांगितलेल्या तापमानालाच मोजावी, ७२२.६ साठी ते ८० अंश सेल्सिअस आहे. आठ लिटर तेल ३० वरून ८० अंशांवर गेलं की पाव लिटरहून जास्त फुगतं. थंड असतानाच वरच्या खुणेपर्यंत भरलं, तर गरम झाल्यावर ते फिरत्या भागांत घुसळून फेसाळतं आणि हवेच्या नळीतून बाहेर येतं. मग दुरुस्त केलेल्या गाडीखाली पुन्हा तेल दिसतं, आणि बिचाऱ्या नव्या सीलवर संशय घेतला जातो.