अंडरक्विल्ट : झोळीखालची रजई

दोन झाडांना बांधलेल्या झोळीत, म्हणजे हॅमकमध्ये, झोपणाऱ्याच्या पाठीला थंडी लागू नये म्हणून झोळीच्या बाहेरून, खालच्या अंगाला टांगायची हलकी रजई. ती पांघरायची नसते आणि अंगाखाली अंथरायचीही नसते. झोळीच्या कापडाला ती खालून लागून असते, पण माणसाचा सगळा भार झोळीच पेलते. हॅमकवर मुक्काम करणाऱ्या भटक्यांमध्ये तिचा प्रसार मुख्यतः २१व्या शतकात, आणि तोही आधी अमेरिकेत झाला. तिथल्या हौशी मंडळींनी ती घरच्या मशीनवर शिवायची पद्धत रुळवली. विदर्भातल्या खेड्यात, जिथे वाकळ शिवणारे हात घरोघरी आहेत, तिथे ती शिवणे मुळीच अवघड नाही. फक्त वाकळीची एक सवय सोडावी लागते; तिच्याविषयी पुढे येईल.

झोळीत पाठ गार पडण्याचे कारण साधे आहे. कापूस किंवा फायबर स्वतः ऊब देत नाही. त्याच्या तंतूंत अडकून राहिलेली स्थिर हवा अंगातली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. स्लीपिंग बॅग घेऊन झोळीत शिरले की पाठीखालचा तिचा भाग वजनाने चेपतो, हवा निघून जाते आणि पाठ व बाहेरचा वारा यांच्यामध्ये दोन-तीन पातळ कापडे तेवढी उरतात. झोळीखालून वारा सतत वाहत असतो. त्यामुळे १५ ते १८ अंश सेल्सिअसच्या रात्रीही, वरून कितीही पांघरले तरी, पाठ आणि मांड्या गारठतात.

हे जागलीला जाणाऱ्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. हिवाळ्यात तूर-हरभऱ्याचे वावर रानडुकरे आणि रोही (नीलगायी) यांच्यापासून राखताना तो बाजेवर झोपतो, तेव्हा आधी एक जाड वाकळ खाली घालतो आणि मगच दुसरी वर घेतो. पूर्व विदर्भात धानाच्या पुंजण्यांजवळ (कापून रचलेल्या ढिगांजवळ) झोपणारे खाली तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, जाड थर करतात. तणसाच्या काड्या पोकळ असतात आणि वजनाखाली पुरत्या चेपत नाहीत, म्हणून त्यांच्यात हवा टिकून राहते. अंडरक्विल्ट हेच काम वेगळ्या वाटेने करते: भरण वजनाखाली येऊच द्यायचे नाही.

विदर्भ उन्हाळ्यासाठी ओळखला जातो, पण इथल्या हिवाळी रात्री कमी लेखू नयेत. हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र असले की दिवस बुडताच जमीन झपाट्याने थंड होते. नागपुरात डिसेंबर-जानेवारीतले सरासरी किमान तापमान १२-१३ अंशांच्या आसपास असते. २९ डिसेंबर २०१८ रोजी ते ३.५ अंशांपर्यंत उतरले होते. नाल्याकाठच्या सखल वावरात गावठाणापेक्षा गारवा जास्त जाणवतो, आणि सुमारे १,१०० मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याला तर जाडच भरण हवे. सपाटीवर वापरण्यासाठी ५ अंशांपर्यंत पुरेल अशी रजई शिवली तर बहुतेक हिवाळा निघतो.

कापड आणि भरण

वरचे आणि खालचे, दोन्ही कापड पातळ नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे, चौरस मीटरला ३५ ते ५० ग्रॅम वजनाचे घ्यावे. बाजारात ते पॅराशूट कापड किंवा विंडचीटरचे कापड म्हणून मिळते. घेताना एक परीक्षा अवश्य करावी: कापड ओठांना घट्ट लावून फुंकावे. थोडी हवा कष्टाने पलीकडे जात असेल तर कापड चांगले. अजिबात जात नसेल तर त्यावर लेप आहे, आणि तसल्या कापडात अंगाची वाफ अडकून पहाटेपर्यंत भरण दमट होते. सहज जात असेल तर वारा आत शिरेल.

भरणासाठी नवशिक्याने पॉलिएस्टरची अखंड तंतूंची शीट मिळत असेल तर तीच घ्यावी. तिचे तंतू तुटक नसल्याने ती मधे टाके न घालताही जागेवर राहते. चौरस मीटरला सुमारे ८५ ग्रॅमची शीट साधारण १० अंशांपर्यंत, १२० ग्रॅमची ५ अंशांपर्यंत आणि २०० ग्रॅमची शून्याच्याही खाली पुरते, असा भटक्यांचा अंदाज आहे. माणसामाणसाच्या थंडी सोसण्यात फरक असतो तो वेगळा. रजई-गादीच्या दुकानात मिळणारी साधी फायबर शीट स्वस्त पडते, पण धुतल्यावर तिचे गोळे होतात आणि ती चेपतेही लवकर. ती वापरायची तर १०० ग्रॅमचे दोन थर घ्यावेत. बदक-हंसाच्या पिसांचे भरण सर्वांत हलके आणि उबदार असते; मात्र त्यासाठी आत उभ्या पडद्यांचे कप्पे शिवावे लागतात, म्हणून पहिल्या रजईसाठी ते नको.

राहिला कापूस. यवतमाळ, अमरावती, अकोला, वर्धा हा तर पऱ्हाटीचाच मुलूख; घरचा कापूस असताना फायबर विकत का आणायचे, हा प्रश्न इथे मनात येणारच. घराजवळ, कोरड्या रात्री कापसाची जुनी रजई मजबूत दोरीने झोळीखाली बांधून ही कल्पना आजमावून पाहता येते आणि पाठीला फरक लगेच कळतो. पण कापूस हवेतली ओल सहज धरून ठेवतो. सामान्य दमटपणात तो आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी बाळगतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. दव पडले की कापसाचा फुगवटा बसतो आणि तो वाळायला दिवस जातो. बसलेला कापूस पुन्हा फुलवायला दर एक-दोन हिवाळ्यांनी पिंजाऱ्याकडे द्यावा लागतो, तो याचसाठी. शिवाय त्याचे वजन पाठीवरच्या पिशवीत आणि ताणाच्या दोरीवर, दोन्हीकडे नडते.

शिवण

वाकळीची किंमत तिच्या टाक्यांत असते. जुनी लुगडी एकावर एक घालून बारीक धावदोऱ्याने सगळे थर जितके घट्ट बांधावेत तितकी ती टिकते. अंडरक्विल्टमध्ये मात्र आरपार गेलेला प्रत्येक टाका भरणाला तिथे चपटे करतो. त्या रेषेवर हवा उरत नाही आणि थंडी नेमकी तिथून आत येते. म्हणून पक्की टीप फक्त कडांना घालायची आणि मधला भाग मोकळा फुगू द्यायचा. वाकळीत मुरलेल्या आजीला अशी पोकळ शिवण अपुरी वाटेल, आणि या रजईचे मोजमाप वेगळे आहे हे तिला प्रेमाने समजावून सांगावे लागेल. साध्या फायबरच्या दोन थरांना आधार हवाच असतो. तिथे सलग टीप न घालता साधारण ३० सेंटिमीटरवर एकेक सैल गाठटाका घालावा. तो ओढून घट्ट करू नये.

पूर्ण लांबीच्या रजईचे तयार माप सुमारे २०० सेंटिमीटर लांब आणि १३० सेंटिमीटर रुंद असते. चारी बाजूंना दीड-दोन सेंटिमीटर दाब (शिवणीबाहेर राहणारी जादा कड) धरून दोन कापडे आणि भरण सारख्याच मापाचे कापावे. हे कापड फार निसटते. सारवलेल्या भुईपेक्षा फरशीवर पसरून, कडांवर वजने ठेवून कापणे सोपे जाते. नायलॉनचे धागे सुटतात, म्हणून कापलेली कड मेणबत्तीच्या ज्योतीजवळून झरकन फिरवून घ्यावी, पण भरण जवळ आणण्याआधी. फायबर पेट घेते.

आता दोन्ही कापडांच्या सुलट बाजू एकमेकींकडे करून ती जुळवावीत, त्यांवर भरण ठेवावे आणि कडेने कपड्यांचे चिमटे लावावेत. टाचण्यांची छिद्रे या कापडात कायम राहतात. टाचणी लावायचीच तर दाबातच लावावी. मग सगळे उलटे करून भरण खाली आणावे. मशीनच्या दातांत फायबर अडकते, त्यावर उपाय म्हणजे खाली वर्तमानपत्राची पट्टी धरून तिच्यासकट टीप मारायची आणि नंतर कागद फाडून काढायचा. ११ नंबरची नवी सुई, पॉलिएस्टरचा धागा आणि तीनएक मिलिमीटरचा टाका ठेवावा. सुती धागा आधी कुजतो. साधी पायमशीन या कामाला पुरते. एका आखूड बाजूला ४० सेंटिमीटर जागा उघडी ठेवून तिथून रजई सुलट करून घ्यावी आणि ती जागा शेवटी बंद करावी.

यानंतर चारी कडांना चार-पाच सेंटिमीटर रुंद पट्टी लावून नेफे करायचे, कोपरे उघडे ठेवायचे. परकराला नेफा घालता येणाऱ्या कोणालाही हे जमते. लांब बाजूंच्या नेफ्यांतून तीन मिलिमीटर जाडीची लवचिक दोरी ओवतात. रजई तिच्यावरच टांगायची असते. आखूड बाजूंच्या नेफ्यांतल्या दोऱ्या टोके चुणून बंद करायला लागतात. ३५-४० ग्रॅमचे कापड आणि १२० ग्रॅमचे भरण धरले तर सगळ्याचे मिळून वजन ६०० ग्रॅमच्या आसपास भरते.

टांगणी

शिवण चांगली असूनही पाठ गार पडते ती बहुधा टांगणीमुळे. झोळीच्या दोन्ही टोकांच्या कड्यांना रजईच्या दोऱ्या अडकवाव्यात, आखूड बाजू चुणून घ्याव्यात आणि स्वतः झोळीत तिरके निजावे. तिरके निजल्याने पाठ सपाट राहते. मग दुसऱ्या कोणाला तरी झोळी आणि रजई यांच्यामध्ये हात घालून पाहायला सांगावे. कुठेही पोकळी नको आणि कुठेही दाब नको. रजई सैल लोंबत असेल तर मधल्या जागेत गार हवा फिरते. फार ताणली तर भरण चेपते, आणि खांद्यांपाशी व पोटऱ्यांपाशी फटी पडतात. मापापेक्षा या जुळवणीला जास्त वेळ द्यावा.

झोळीचे मोठे सुख म्हणजे भुईपासून सुटका. रात्री जमिनीवर निजलेल्या माणसाला मण्यार चावण्याचे प्रकार खेड्यापाड्यांत घडतात, विंचवांचे भय वेगळेच. तरी झोळी म्हणजे मचाण नव्हे, आणि वाघ-बिबट्यांपासून ती काहीच संरक्षण देत नाही. मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, नवेगाव-नागझिरा आणि बोर या व्याघ्र प्रकल्पांत परवानगीशिवाय रात्री राहता येत नाही. प्रकल्पांबाहेरच्या ब्रह्मपुरीसारख्या जंगलपट्ट्यातही उघड्यावर निजणे धोक्याचे आहे. गावालगतचे आपले वावर, वाड्यातले कडुनिंब, शाळा-कॉलेजच्या शिबिराचे मैदान ही या रजईची योग्य ठिकाणे. धुऱ्यावरच्या झाडाला बांधताना साल कापली जाऊ नये म्हणून दोरीऐवजी रुंद पट्टा वापरावा.

निगा फारशी नाही. धुवायची वेळ आली तर बादलीत कोमट पाण्यात सौम्य साबणाने दाबून धुवावी, पिळू नये, धोपटू तर अजिबात नये. सावलीत पसरून वाळवावी, कारण कडक उन्हात नायलॉन विरते. उन्हाळ्यात ती दाबून पिशवीत कोंबून ठेवली तर फायबरचा फुगवटा कायमचा कमी होतो. जुन्या सुती साडीत सैल गुंडाळून, उंदरांपासून दूर टांगून ठेवावी. कापडाला बारीक भोक पडले तर त्याच कापडाचे ठिगळ वरच्या थरालाच लावावे, सुई पलीकडे जाऊ देऊ नये.